निम्म्या दरातलं नेल एक्स्टेंशन : दिसायला झकास, पण परत जाणार नाही

आधी निकाल सांगते मग कारणं, कारण बऱ्याच जणी पहिल्या दोन ओळी वाचूनच बुकिंग करायचं की नाही ते ठरवतात. नखं छान झाली. शेप एकसारखा, रंग मागितला तोच, फोटोत तर एकदम झकास. तरी पाचपैकी दोनच स्टार देतेय आणि ते दोन्ही काम करणाऱ्या मुलीच्या हातातल्या कसबाला, दुकानाला एकही नाही. दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण हा एका दुकानाचा प्रश्न नाहीये, ऑफरचे बोर्ड लावून फटाफट नखं करून देणारी अशी दुकानं आता भरपूर झालीत आणि मी जे बघितलं ते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चालतं.

मी घेतला तो जेल एक्स्टेंशनचा फुल सेट, म्हणजे दहाही बोटांच्या नखांवर जेलने बसवलेली लांब खोटी नखं, वरून साधं एका रंगाचं जेल पॉलिश, नेल आर्ट वगैरे काही नाही. दर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. आता एवढा कमी दर परवडतो कसा हा प्रश्न मनात घेऊनच मी खुर्चीत बसले होते, कारण भाडं, लाईट, माणसांचा पगार, जेलच्या बाटल्या हे सगळं त्यांनाही लागतंच ना, मग पैसे वाचतात कुठे? तर दोन जागी वाचतात. एक म्हणजे वेळ. दुसरी म्हणजे एकदा वापरून फेकायच्या वस्तू, ज्या फेकल्याच जात नाहीत. आणि नखांच्या कामातली सगळी सुरक्षितता नेमकी याच दोन गोष्टींवर उभी असते, म्हणून मला हे एवढं सविस्तर लिहावंसं वाटलं.

वेळेचं बघा. फुल सेट नीट करायचा तर दीड ते दोन तास जातात, हात बसलेल्या मुलीलाही. इथे माझे दोन्ही हात तासाभराच्या आत झाले. मग कमी काय झालं, तर सुरुवातीचं सगळंच. हात धुवायला लावले नाहीत, तिने स्वतःचेही धुतले नाहीत, आधीची गिऱ्हाईक उठली आणि मी बसले एवढंच मधलं अंतर. कसली ॲलर्जी आहे का, डायबेटिस आहे का, नखाला आधी काही इन्फेक्शन झालंय का, यातलं काहीही विचारलं नाही. हे प्रश्न उगाच फॉर्मॅलिटी म्हणून नसतात हो. डायबेटिस असलेल्या माणसाला बोटाला झालेली छोटीशी जखमसुद्धा चिघळू शकते, आणि आधीच बुरशी लागलेल्या नखावर एक्स्टेंशन चढवलं की ते आतल्या आत वाढत राहतं आणि बाहेरून गुलाबी रंग दिसत राहतो.

मग फायलर. तिने ट्रेमधून जो फायलर उचलला त्याच्या कडेला आधीच्या नखांची पांढरी पावडर तशीच बसलेली होती, मधला भाग वापरून वापरून गुळगुळीत झालेला, एका टोकाला कागद सुटलेला. मी म्हटलं नवीन घ्या ना, तर तिने तोच टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला, पावडर झटकली आणि म्हणाली, "मॅडम, क्लीन आहे." आता कागदी फायलर आणि स्पंजचा बफर या दोन्ही वस्तू सच्छिद्र असतात, म्हणजे त्यात कातडीचे कण, ओल, जंतू आत जाऊन बसतात आणि वरून कितीही स्पिरिट फवारलं तरी त्या पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. म्हणून नियम एकदम सरळ आहे, एका गिऱ्हाईकाला एक फायलर, काम झालं की फेकायचा नाहीतर तिलाच घरी द्यायचा. सगळ्या सामानात ही सगळ्यात स्वस्त वस्तू असते आणि तिच्यातही काटकसर केली जाते, याचा मला खरंच संताप येतो.

धातूची हत्यारं, म्हणजे निपर (कातडी कापायची छोटी पकड), पुशर (क्यूटिकल मागे ढकलायची पट्टी), ड्रिलचे बिट (नख घासायच्या मशीनची टोकं), ही परत वापरता येतात, पण त्याची एक पद्धत आहे. आधी साबण-पाण्याने घासून त्यावरचा कचरा काढायचा, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून ठेवायची, साधारण १० मिनिटं, बाटलीवर जेवढी लिहिली असतील तेवढी. नुसती टोकं बुडवून चालत नाही आणि घासल्याशिवाय बुडवूनही उपयोग नाही कारण कचऱ्याखाली औषध पोचतच नाही. त्याहून पक्कं हवं असेल तर ऑटोक्लेव्ह, दवाखान्यात असतो तसा, दाबाखालच्या वाफेत १२१ अंशाला किमान १५ मिनिटं. इथे काय होतं तर निळा लाईट लागणारा एक छोटा डबा, वर 'स्टरलायझर' लिहिलेलं, आत एकमेकांवर ढीग करून ठेवलेली हत्यारं. बघणाऱ्याला वाटतं वा, केवढी काळजी घेतात. पण खरा यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा असला तरी प्रकाश जिथे थेट पडेल तेवढाच पृष्ठभाग साफ होतो, सावलीत आलेला भाग, निपरचा सांधा, खालच्या थरातली हत्यारं तशीच राहतात. स्वच्छ केलेली हत्यारं झाकून ठेवायला तो डबा ठीक आहे, त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो आणि निपरने रक्त निघणं ही या धंद्यात रोजची गोष्ट आहे.

रक्तावरून आठवलं, क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असते ती कातडी. इथे क्यूटिकल कापतात, आणि भराभर कापतात. नखावर चिकटून पुढे आलेला जो पातळ पापुद्रा असतो तो मेलेला असतो, तो अलगद मागे ढकलून काढला तर हरकत नाही. पण त्याच्या मागची जी जिवंत कातडी आहे ती नखाच्या मुळाचं झाकण असते, पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून, आणि घाईत नेमकी तीच कापली जाते कारण कापली की नखाचा भाग मोठा आणि साफ दिसतो, फोटो छान येतो. मग दोन दिवसांनी बोट ठणकायला लागतं, लाल होतं, पू धरतो, ज्याला आपण नखुरडं म्हणतो ते. मी हात मागे घेतला आणि कापू नका म्हटलं. तिने ऐकलं, वाद घातला नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते.

ड्रिलबद्दल थोडक्यात. नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, बस्स. त्यावर जेल धरावं म्हणून पृष्ठभागाची चमक तेवढी घालवायची असते, तीही हाताने, बारीक बफरने. इथे नैसर्गिक नखावर थेट ड्रिल फिरवलं, वेग बराच, एका जागी थांबून. गरम लागलं की समजायचं नको तेवढं खोल गेलंय. पुढे नख वाढल्यावर लालसर आडवे पट्टे दिसतात ते यामुळेच.

आता येते बाटल्यांवर, आणि इथे जरा थांबून वाचा कारण बाकी बरंचसं एकवेळ बरं होतं, हे होत नाही.

टेबलावरच्या जेलच्या डब्यांपैकी दोनांवर लेबल नव्हतं, एकावर हाताने रंगाचा नंबर लिहिलेला. विचारलं कुठल्या कंपनीचं, तर "इम्पोर्टेड आहे मॅडम." जेल म्हणजे काय असतं, तर ॲक्रिलेट जातीच्या छोट्या रेणूंचं मिश्रण. लॅम्पचा प्रकाश पडला की त्यातला फोटोइनिशिएटर नावाचा घटक जागा होतो आणि हे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात, तेच ते घट्ट होणं, क्युअर होणं. पूर्ण जोडले गेले तर ते प्लास्टिक झालं, त्याचा त्रास जवळपास नाही. अर्धवट राहिले तर सुटे रेणू तसेच उरतात आणि ते कातडीत शिरतात. त्यात हेमा नावाचा जो घटक आहे, हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, तो तर खूप लहान असतो, कातडीतून सहज आत जातो, आणि एकदा शरीराने त्याला शत्रू मानलं की ती ॲलर्जी सहसा जन्मभराची. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असंही नाही, कारण ही ॲलर्जी वारंवार संपर्क येऊन तयार होते. वर्षानुवर्षं नखं करणारीला अचानक होते आणि तिला कळतच नाही की अरे नेहमीचंच तर केलं होतं.

आणि हे नुसतं बोटापुरतं राहत नाही. याच कुटुंबातले पदार्थ दातात भरायच्या फिलिंगमध्ये असतात, सांधा बदलताना वापरतात त्या बोन सिमेंटमध्ये असतात, डायबेटिसवाले दंडावर जो ग्लुकोज सेन्सर लावतात त्याच्या चिकटपट्टीत असू शकतात. म्हणजे आज नखांच्या हौसेपायी झालेली ॲलर्जी उद्या खुर्चीत बसल्यावर दाताच्या डॉक्टरांची पंचाईत करू शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपियन युनियनने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या मालावर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि 'ॲलर्जी होऊ शकते' हे छापणं सक्तीचं केलंय. तसंच टीपीओ नावाचा एक फोटोइनिशिएटर, जो बऱ्याच जेलमध्ये असायचा, त्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे बंदी आहे, प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला म्हणून. म्हणजे लेबल वाचणं हा किती महत्त्वाचा भाग आहे बघा, आणि इथे लेबलच नाही तर वाचणार काय कप्पाळ.

लॅम्पचंही तसंच आहे. सगळे लॅम्प सारखे नसतात, काही जेल ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला जागतात, काही ४०५ च्या, म्हणून चांगल्या कंपन्या सांगतात की आमचं जेल आमच्याच लॅम्पखाली एवढे सेकंद ठेवा. इथे एकच लॅम्प, त्यातले दोन दिवे बंद पडलेले, आणि सगळी जेल त्याच्याखाली. वरून हात लावला की घट्ट लागतं पण वरचा थर घट्ट म्हणजे आतला घट्ट असं नसतं, विशेषतः जाड थर आणि गडद रंग असेल तर. आणि वेळ वाचवायला इथे जाड थरच देतात, तीन पातळ थरांचं काम एकात. मग काय होतं ते माझ्या अंगठ्याने सांगितलं. लॅम्पमध्ये हात घातला आणि काही सेकंदात अंगठ्याचं नख असं चरचरलं की मी हात झटकन बाहेर ओढला. "थोडं सहन करा मॅडम, सगळ्यांनाच होतं." सगळ्यांनाच होतं हे खरं असेलही, पण व्हायला नको असतं. जेल घट्ट होताना उष्णता निघते, जेवढा थर जाड तेवढी जास्त, आणि ड्रिलने पातळ केलेल्या नखाला ती आणखी लागते. खूप झालं तर नख खालच्या मांसापासून सुटतं. नीट शिकलेली मुलगी थर पातळ देते आणि लॅम्प आधी कमी पॉवरवर ठेवते.

शिवाय जेल कडेच्या कातडीवर ओघळलं होतं तीन-चार बोटांना. ते पुसून मगच लॅम्पमध्ये घालायचं असतं. इथे तसंच क्युअर केलं आणि नंतर ड्रिलने घासून काढलं. कातडीवर कच्चं जेल लागणं हेच तर ॲलर्जीचं सगळ्यात मोठं दार आहे.

लॅम्पच्या प्रकाशाबद्दलही विचारतात बऱ्याच जणी. २०२३ मध्ये एक संशोधन आलं होतं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर या लॅम्पचा मारा केला तर पेशी मरतात आणि डीएनएला इजा होते असं. ते बशीतल्या पेशींवर होतं, माणसाच्या हातावर नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण त्वचेचे डॉक्टर सांगतात तसं आधी हाताला सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं कापलेले ग्लोव्ह्ज घाला, त्याला काय लागतं.

ॲक्रिलिक, म्हणजे लिक्विड आणि पावडर मिसळून बनवलेली नखं, करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, मी ते केलं नाही पण शेजारच्या टेबलावर चालू होतं आणि वासाने डोकं भणभणत होतं. ॲक्रिलिकच्या लिक्विडमध्ये चांगल्या मालात ईएमए, इथाइल मेथाक्रिलेट, असतं, स्वस्त मालात एमएमए, मिथाइल मेथाक्रिलेट. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच याच्या तक्रारी आल्या होत्या, नखं वेडीवाकडी होणं, बोटांना ॲलर्जी, आणि तेव्हा त्यांनी कोर्टात जाऊन शंभर टक्के एमएमए असलेला माल बाजारातून काढायला लावला. पन्नास वर्षं होऊन गेली याला. तरी ते मिळतं कारण ते स्वस्त आहे आणि दगडासारखं घट्ट बसतं. तेच तर वाईट, कारण नख कुठे अडकलं तर एक्स्टेंशन तुटत नाही, खालचं खरं नख मुळासकट ओढलं जातं. ओळखायचं कसं, तर वास खूप उग्र असतो, फायलरने घासता घासत नाही आणि ॲसिटोनमध्ये कितीही भिजवलं तरी सुटत नाही. यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात कामाचं.

पण मला या सगळ्यात सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. ती माझ्या डाव्या हाताचं बोट धरून काम करत होती तेव्हा तिच्या हाताकडे नीट लक्ष गेलं. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं सोललेली, कोरडी पडून भेगा गेलेल्या, एका भेगेत लालसर ओल. कातडी अशी झालेली की बोटांचे ठसे पुसट दिसत होते. हे पाणी कमी प्यायल्याने किंवा हवेने होत नाही, नखांचं काम करणाऱ्यांत ॲक्रिलेटची ॲलर्जी जी दिसते ती नेमकी अशी आणि याच बोटांना, ज्यांनी ब्रश आणि गिऱ्हाईकाचं बोट धरतात त्यांना. मी विचारलं किती दिवस आहे हे, तर म्हणाली, "कामाला लागल्यापासून येतं-जातं ताई, सुट्टी घेतली की बरं होतं." एवढ्या वेळ मॅडम मॅडम चाललं होतं, ते पहिल्यांदा ताई झालं. सुट्टी घेतली की बरं होतं हे वाक्य कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरांना सांगा, ते लगेच विचारतील काम काय करता.

ग्लोव्ह्ज नव्हते तिला. मालक म्हणे पकड नीट येत नाही म्हणून नको सांगतात. आणि खरं सांगायचं तर साधे पातळ ग्लोव्ह्ज असते तरी पूर्ण उपाय झाला नसता, हे छोटे रेणू लेटेक्समधून तर काही मिनिटांत आरपार जातात, नायट्रिलही थोडाच वेळ थोपवतात, म्हणून ते मधेमधे बदलावे लागतात, म्हणजे परत तेच, वेळ आणि खर्च. तोंडाला साधा निळा मास्क, तोही हनुवटीवर. तो मास्क ड्रिलची बारीक धूळ नीट अडवत नाही, त्याला एन-९५ लागतो, आणि वाफेला तर एन-९५ सुद्धा अडवत नाही, तिला खिडकी लागते, एक्झॉस्ट लागतो, धूळ टेबलावरच ओढून घेणारा पंखा लागतो. इथे बंद काचा आणि एसी, जो तीच हवा फिरवत राहतो. मी तासभर बसले तर डोकं दुखलं, ती सकाळपासून रात्रीपर्यंत बसते. दम्याचा त्रास, कायमचा खोकला, हे या धंद्यातले माहीत असलेले आजार आहेत.

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली नेल सलूनमधल्या बायकांना मिळणारी तुटपुंजी मजुरी आणि त्यांच्या तब्येतीचे हाल यावर वर्तमानपत्रात मोठ्या बातम्या आल्या, तेव्हा कुठे तिथल्या राज्य सरकारने खास पथक नेमून तपासण्या सुरू केल्या. म्हणजे जिथे कायदे आहेत तिथेही ही अवस्था. स्वस्त नखांची किंमत कुणीतरी भरतंच, आणि आपल्याआधी ती समोर बसलेली मुलगी भरत असते.

आता ट्रेनिंगचं बोलू. भिंतीवर सर्टिफिकेट होतं फ्रेम करून, ते मालकाचं, काम करणारीचं नाही. तिला विचारलं कुठे शिकलात तर इथेच, आधीच्या मुलीकडे बघून. यात तिचा दोष नाही, शिकवायला कोणी वेळच दिला नाही. जगभर याचा एकच एक नियम नाही, कॅलिफोर्नियात मॅनिक्युअरिस्टच्या लायसन्ससाठी ४०० तासांचं शिक्षण आणि परीक्षा लागते, न्यूयॉर्कमध्ये २५० तास, आणि ब्रिटनसारख्या देशात देशभर लागू असं सक्तीचं लायसन्सच नाही, एक दिवसाचा कोर्स करून कोणीही टेबल मांडू शकतं. म्हणून गिऱ्हाईकालाच थोडं माहीत असावं लागतं.

आणि लायसन्स आहे म्हणजे झालं असंही नाही, त्याचंही उदाहरण कॅलिफोर्नियाचंच आहे. २००० साली तिथल्या एका सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून जास्त बायकांच्या पायांना गळवं आली, महिनोन् महिने न भरणारी, व्रण मागे ठेवणारी. तपास केला तर फूटबाथच्या पाण्यात एक जिवाणू सापडला, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, क्षयरोगाच्या जिवाणूच्या नात्यातला. तो होता कुठे, तर पाणी आत ओढून घेणाऱ्या जाळीच्या मागे, जिथे केस आणि कातडीचा चोथा साचलेला होता. टब वरून चकाचक होते, ती जाळी काढून कोणी साफच करत नव्हतं. ज्यांनी आधी पायाचे केस रेझरने काढले होते त्यांना जास्त त्रास झाला कारण बारीक ओरखड्यांतून जंतूंना वाट मिळाली. तेव्हा पेडिक्युअरला जायच्या आधी शेव्ह करू नका आणि जाळी कधी साफ करता हे बिनधास्त विचारा. जेट नसलेलं साधं घमेलं त्यापेक्षा बरं, घासायला तरी सोपं.

सर्व्हिस नंतरचा अनुभव पण सांगायला हवा. दोन नखांच्या कडा लवकरच उचलल्या. फोन केला तर म्हणाले या, ग्लू लावून देतो, फ्री. हे अजिबात करून घेऊ नका. उचललेल्या नखाखाली पाणी शिरतं, ओल राहते, आणि त्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो, नखावर हिरवट डाग पडतो तो त्याचाच. त्यावर ग्लू लावणं म्हणजे त्याला आत कोंडून वाढवणं. मी दुसरीकडे जाऊन पूर्ण काढून घेतलं, आणि तिथे फरक कळला. आधी वरचा थर घासून पातळ केला, कापसाला ॲसिटोन लावून फॉईल गुंडाळली, पंधरा मिनिटं शांत बसवलं, जे सुटलं नाही त्याला परत फॉईल. लेबल नसलेलं जेल असल्याने त्यांनाही वेळ लागला पण एकदाही उचकटलं नाही. स्वस्त ठिकाणी मी शेजारी बघितलं होतं, पुशर खाली घालून सरळ उपटत होते. जेलबरोबर नखाचे वरचे थर निघून येतात आणि मग आपण म्हणतो जेलने नखं खराब झाली. जेलने कमी, काढण्याच्या घाईने जास्त. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवीन नख यायला सहा महिन्यांच्या आसपास. तोपर्यंत जे पातळ झालं ते पातळच. आणि नखाला श्वास घ्यायला गॅप द्या असं जे सांगतात त्याला अर्थ नाही, नख मेलेल्या पेशींचंच असतं, ते श्वास घेत नाही. नख आणि कातडी बरी व्हायला वेळ द्यायचा तर जरूर द्या.

आता दुसरी बाजू, कारण फक्त दर कमी म्हणून कुणाला वाईट ठरवणं मला पटत नाही. नवीन शिकून बाहेर पडलेल्या मुली हात बसावा म्हणून कमी दरात काम करतात, आणि त्यातल्या कितीतरी जणी नवा फायलर तुमच्यासमोर फोडतात, तीन तास लावतात आणि मन लावून करतात. अशा मुलीकडे जरूर जा. उलट महागड्या, सोनेरी खुर्च्यांच्या ठिकाणीही मी तोच निळा डबा बघितलाय. म्हणून मी आता दर बघतच नाही आधी, मी विचारते एका गिऱ्हाईकाला किती वेळ देता. तासाच्या आत फुल सेट होतो म्हणाले की तिथेच थांबते. मग बाटली हातात घेऊन नाव बघते. फायलर नवा आहे का ते बघते. आणि करणाऱ्या मुलीचे हात बघते. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येत नाही, उलट खुलून सांगतात. जिथे तोंड वाकडं होतं तिथे उत्तर मिळालंच.

तर कोणी जावं इथे? साधं नेहमीचं नेलपॉलिश लावून घ्यायचं असेल, स्वतःचा फायलर घेऊन, क्यूटिकलला हात लावू न देता, तर ठीक आहे, मुलीचा हात खरंच चांगला आहे. जेल, ॲक्रिलिक, एक्स्टेंशन आणि रिमूव्हल यासाठी नाही. गरोदर असाल, डायबेटिस असेल, किंवा आधी कधी बोटांना खाज सुटली असेल तर अजिबात नाही.

आणि कोणी आधीच करून आला असाल आणि नखांच्या कडेला खाज, सूज, पुरळ किंवा पापण्यांवर आणि मानेवर लाल चट्टे दिसत असतील (हात चेहऱ्याला लागतोच त्यामुळे तिथेही येतं), तर वरून क्रीम चोपडून पुढचं रिफिल करत बसू नका. नीट भिजवून काढून घ्या, स्वतः उपटू नका, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्ट करा, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने कातडीवर लावून कशाची ॲलर्जी आहे ते बघतात ती तपासणी. जाताना वापरलेल्या जेलच्या बाटलीचा फोटो असेल तर न्या, दुकानात मागितला तर द्यायलाच हवा. ॲक्रिलेटची ॲलर्जी निघाली तर ती लिहून घ्या आणि पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधी सांगा.